ओल्या खडूची फुली

पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण पाट्या वाचतो कोण? बाजारात सगळे त्यांना फुलीवाले म्हणत. त्यांचं काचेचं दुकान होतं. खिडकीचं तावदान, कपाटाचं दार, दुकानाची दर्शनी काच, आरसा, फोटोची चौकट, जे जे फुटू शकतं ते सगळं त्यांच्याकडे मिळे. चेंडूने कुणाचं तावदान गेलं की पोराच्या पाठीत धपाटा आणि फुलीवाल्यांना निरोप, ही दोन्ही कामं एकदमच व्हायची. फुलीवाले यायचे, माप घ्यायचे, काच कापून आणायचे, बसवायचे, चोळून लख्ख पुसायचे. निघण्याआधी शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढून जिभेला टेकवायचे आणि त्या लख्ख काचेवर, डोळ्यांच्या उंचीला, हातभर फुली मारायचे. घरात लहान मूल असेल तर त्याच्या उंचीला आणखी एक.

लोकांना हे आवडायचं नाही. एका कापडवाल्याने तर फुली बघून कपाळाला हात लावला होता. एवढी झकास काच बसवून घेतली ती काय फुली-गोळा खेळायला, असं तो म्हणाला. फुलीवाले शांतपणे सांगायचे, दोन दिवस राहू द्या, डोळ्यांना सवय झाली की पुसून टाका. त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं की काच बसली म्हणजे काम झालं नाही, ती लोकांना दिसली म्हणजे झालं. उस्ताद कधीच गेला, त्याचं दुकान गेलं, पण हे वाक्य फुलीवाल्यांच्या खिशात खडूसारखं राहिलं होतं.

चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या काचेवर आपटून कुणाचं नाक फुटलं नव्हतं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कुणी जमीन मिरवतं, कुणी जावई मिरवतं. फुलीवाले न फुटलेली नाकं मिरवायचे.

त्यांच्या बायकोला त्या खडूचा भारी राग. चाटून चाटून एव्हाना एक अख्खी भिंत पोटात गेली असेल, असं ती म्हणायची. त्यांच्या शर्टाचा खिसा कितीही धुतला तरी पांढरा तो पांढराच. तिने शेवटी खिशाचा नाद सोडला आणि शर्टच पांढरे आणायला लागली.

त्यांची नात चार वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नव्हतं. ती चालत नसे, सुटत असे. आईने हाक मारली, थांबली नाही. बाबाने दटावलं, थांबली नाही. बालवाडीच्या बाईंनी तर हातच टेकले होते. पण एक जागा अशी होती जिथे ही पोरगी आपणहून थांबायची, ती म्हणजे आजोबांच्या दुकानाचा उंबरठा. तिथे आली की दोन्ही पाय जुळवून उभी राहायची आणि विचारायची, ‘आजोबा, जाऊ?’

मग फुलीवाले हातातलं काम ठेवायचे. कुठे काच टेकून उभी आहे का, जमिनीवर कपची पडली आहे का, सगळीकडे नजर फिरवायचे आणि म्हणायचे, ‘जा.’ त्यानंतरच ती आत घुसायची. जगात कुणाचंही न ऐकणारी ही पोर आपल्या एका शब्दाची वाट बघते, याचं त्यांना फार अप्रूप होतं. गिऱ्हाईक समोर असलं तर ते मुद्दाम जरा जास्तच वेळ नजर फिरवायचे.

या भिंगरीकडे एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यातल्या एका पानावर समुद्राखालचा बोगदा होता. माणसं खालून चाललीत आणि डोक्यावरून मासे जातायत. पुस्तकाची बाकीची पानं फाटून गेली तरी ते पान शाबूत होतं, कारण ती ते उशाशी घेऊन झोपायची. बोगदा खराच आहे आणि परदेशात आहे, हे जावयाने शोधून काढलं. लेकीने सुट्टीचा अर्ज टाकला, आणि दोघांनी मिळून ठरवलं की म्हाताऱ्यांनाही घेऊन जायचं. दुकान कोण बघणार, असं फुलीवाल्यांनी विचारलं. काचा काय पळून जाणार आहेत का, असं बायकोने उलट विचारलं.

पासपोर्टाच्या कचेरीत यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. यंत्राला काही दिसेना. कारकुनाने यंत्र पुसलं, मग फुलीवाल्यांचा अंगठा पुसला, मग पुन्हा यंत्र पुसलं. चाळीस वर्षं काचेच्या कडा हाताळून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत होऊन गेल्या होत्या. ‘बोटं आहेत, पण बोटांवर काही नाही,’ असं कारकून चकित होऊन म्हणाला. शेवटी डाव्या करंगळीने लाज राखली.

विमानात त्यांना खिडकी मिळाली. बाकीचे लोक खिडकीतून बाहेर बघतात, फुलीवाले खिडकी बघत होते. टिचकी मारून पाहिली, गाल टेकवून कड पाहिली, आणि पाहता पाहता त्यांची पाचावर धारण बसली. आतल्या प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यामागे जी दुसरी काच होती तिला खालच्या बाजूला भोक होतं. सुईने पाडल्यासारखं बारीक, पण भोकच. विमान तेव्हा ढगांच्या वर होतं. त्यांनी घाईघाईने त्या जागी, पत्र्यावरूनच, अंगठा दाबून धरला, जणू त्यांचा अंगठाच विमान तोलणार होता, आणि जावयाला हळूच सांगितलं की कुणाला घाबरवू नका, पण कुणाला तरी बोलवा. भिंगरीने ते ऐकलं आणि मदतीला आपलंही बोट लावलं.

हवाईसुंदरी आली. तिने जावयाला समजावलं आणि जावयाने सासऱ्यांना. ते भोक मुद्दाम पाडलेलं असतं. त्यामुळे हवेचा सगळा दाब सगळ्यात बाहेरची काच एकटी घेते, भोकाची मधली काच आणीबाणीसाठी ताजीतवानी राहते, आणि खिडकीवर वाफही धरत नाही. फुलीवाल्यांनी अंगठा काढला. भोक पाडून काच वाचवायची! आयुष्यभर काचेला तडा जाऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल. पुढचे दोन तास ते त्या भोकाकडे पाहत राहिले. खाली समुद्र होता, डोंगर होते, एक अख्खा देश मागे गेला असेल. त्यांना त्याचं काही नव्हतं. ज्याने हे शोधलं त्याच्या पाया पडायला हवं, असं ते बायकोला म्हणाले. ती झोपली होती.

हॉटेलची खोली नवव्या मजल्यावर होती. दार उघडलं आणि फुलीवाले उंबऱ्यातच थांबले. समोरची भिंतच नव्हती. म्हणजे भिंतीच्या जागी नुसता समुद्र होता, खालपासून वरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्षणभर त्यांना वाटलं काच बसवायची राहून गेली आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की काच आहे. अशी काच त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. चौकट नाही, सांधा नाही, एक बुडबुडा नाही. साध्या काचेची कड हिरवी असते, हे त्यांच्या दुकानात झाडू मारणाराही सांगेल. हिची भिंतीलगत दिसणारी कड पाण्यासारखी होती, हिरवेपणाचा मागमूस नाही. छताच्या आत कुठेतरी काच शिरली होती आणि जमिनीच्या आत कुठेतरी संपली होती. डावीकडचा तिचा भाग सरकवून बाल्कनीत जाता येत होतं, पण सरकणारा भाग कुठे सुरू होतो हेही कळत नव्हतं.

त्यांचं भान हरपलं. ते गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले, गाल जमिनीला टेकवला आणि त्या कडेच्या रेषेत एक डोळा मिटून बघत राहिले. लेक बॅगा उघडत होती. जावई नळ कसा चालतो ते बघत होता. भिंगरीने बूट काढून भिरकावले आणि समुद्र बघितला. पण ती सुटली नाही. काच म्हणजे आजोबांचा प्रांत, हे तिला माहीत होतं. दोन्ही पाय जुळवून ती उभी राहिली.

‘आजोबा, जाऊ?’

फुलीवाल्यांनी मान वर केली नाही. त्यांची नजर कडेच्या आत कुठेतरी दूर होती. तोंडाला सवय होती, तोंड म्हणालं, ‘जा.’

आणि ती सुटली.

काच फुटण्याचे नाना आवाज त्यांनी ऐकले होते. काच न फुटण्याचा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काच जरासुद्धा हलली नाही. पोरगी मागे फेकली गेली आणि एक क्षण तिला रडूही सुचलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती. मग ओठातून रक्त आलं, आणि मग रडू आलं.

हॉटेलचा डॉक्टर आला, बघून गेला. ओठ आतून फाटला होता, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं, काळजीचं कारण काही नव्हतं. लेक म्हणाली, बाबा, मुलं पडतातच, मनाला लावून घेऊ नका. जावई म्हणाला, काच इतकी स्वच्छ आहे की मीच आपटलो असतो. कुणी त्यांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. बायकोने मात्र पोरीच्या कपाळावर बर्फ धरून, त्यांच्याकडे न बघता, एवढंच म्हटलं की दिव्याखाली अंधार. खडू तेव्हाही त्यांच्या खिशातच होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी तो जिभेला लागला होता आणि ज्या एका दिवशी तो स्वतःच्या नातीसाठी निघायला हवा होता, त्या दिवशी मालक जमिनीवर पालथे पडून काचेच्या प्रेमात होते.

दुसऱ्या दिवशी टेंगूळ उतरलं. पण भिंगरी बदलली. ती चालायला लागली. दोन्ही हात पुढे करून, तळवे उघडे ठेवून, पाऊल पाऊल टाकत. कुठलंही दार आलं, उघडं असो की बंद, की ती थांबायची आणि विचारायची, ‘आहे का?’ नाही गं, उघडं आहे, असं आईने सांगितलं तरी हात पुढेच. लिफ्टचं दार उघडलं की आहे का. न्हाणीघराच्या दारात आहे का. जेवणाच्या मोठ्या दालनात दोन खांबांच्या मध्ये नुसती हवा होती, तिथेही आहे का. समुद्रावर नेलं तर वाळूवर उभी राहिली, समोर सगळं मोकळं, वारा तोंडावर येतोय, आणि हिचे हात पुढे. लाटांपर्यंत ती गेलीच नाही.

ती आईला विचारायची, बाबाला विचारायची, आजीला विचारायची, लिफ्टमधल्या गणवेशवाल्या माणसालासुद्धा त्याला न कळणाऱ्या भाषेत विचारायची. फक्त आजोबांना विचारायची नाही. रुसली होती म्हणावं तर तसंही नाही. त्यांच्या मांडीवर बसायची, अर्धं बिस्कीट त्यांच्या तोंडात कोंबायची, त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. प्रश्न तेवढा तिने दुसरीकडे नेला होता. ते शेजारी उभे असले तरी त्यांना ओलांडून तिची मान आजीकडे वळायची. फुलीवाल्यांना दर वेळी कुणीतरी दुकानाचं कुलूप बदललंय असं वाटायचं.

त्यांना एकच इलाज माहीत होता. खोलीतल्या काचेवर त्यांनी दोन फुल्या मारल्या, एक मोठ्यांच्या उंचीला, एक भिंगरीच्या. मग जेवणाच्या दालनाच्या दारावर मारली. मग खालच्या मोठ्या दरवाजावर. वरातीमागून घोडं, असं बायको म्हणाली, आणि खरंच होतं ते. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा, आपण पाहुणे आहोत इथे, असं तिने हळू आवाजात सांगून पाहिलं. फुलीवाल्यांनी ऐकलं आणि मग लिफ्टशेजारच्या काचेवर जरा लहान फुली मारली.

रोज सकाळी खोल्या आवरणारी बाई यायची आणि फुल्या पुसून जायची. रोज ती गेल्यावर फुलीवाले पुन्हा मारायचे. ती पुसते, हे मारतात. चौथ्या दिवशी ते खोलीतच होते. बाई काचेपाशी आली, तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगाच्या कडेला हात पुढे करून उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं, कपाळावरच्या निळ्या डागाकडे पाहिलं. फडकं घेऊन तिने सगळी काच पुसली, वरपासून खालपर्यंत, कोपरान् कोपरा, आणि दोन फुल्या तेवढ्या ठेवल्या. त्यांच्या कडेकडेने इतक्या नेमक्या हाताने फडकं फिरवलं की एक रेघ विस्कटली नाही. फुलीवाले उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्यांच्या फुलीला एवढा मान दिला नव्हता. त्यांना तिच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले.

पाचव्या दिवशी बोगदा होता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो बोगदा. वाटेत लेक जावयाला म्हणत होती की ही आत नाही गेली तर बाहेरूनच मासे दाखवू, ओढूनताणून न्यायचं नाही. फुलीवाले गाडीत मागे बसून ऐकत होते. फाटलेल्या पुस्तकातलं एकमेव शाबूत पान आपण फाडलं, असं त्यांच्या मनात आलं.

आत अंधूक निळा उजेड होता. बोगद्याचं तोंड कमानीसारखं, आणि पुढे सगळं पाणीच पाणी. दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर पाणी. एक मासा आला, चादरीएवढा पसरट, पांढऱ्या पोटाचा, आणि माणसांच्या डोक्यावरून असा गेला की दोन-चार जणांनी खरंच माना खाली घातल्या. त्याच्यामागे रुपेरी माशांचा एक लोंढा वळला आणि सगळ्या बोगद्यात क्षणभर उजेड झाल्यासारखं वाटलं. लोक बोलायचे थांबले होते. एरवी सगळ्या जगाला नावं ठेवणारी आजीसुद्धा पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली.

भिंगरी तोंडाशीच थांबली. हात पुढे, तळवे उघडे. तिच्या आणि त्या पाण्याच्या मध्ये तिला काहीच दिसत नव्हतं. आणि ज्या काहीच नसण्याने तिला एकदा फेकून दिलं होतं, त्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. आता तर त्याच्यापलीकडे समुद्र उभा होता.

‘आहे का?’ तिने आजीला विचारलं.

आजीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग वाकून नातीला सांगितलं, ‘मला काय कळतंय बाई काचेतलं. आजोबांना विचार.’

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. विचारलं नाही. मागे लोक खोळंबले होते, जावई एकेकाला वाट करून देत होता.

फुलीवाले एकटेच आत गेले. आजवर काच दिसली की त्यांचा हात आधी टिचकी मारायला जायचा, तसा गेला. आवाज आला आणि ते चमकले. आवाज चुकीचा होता. त्यांनी तळवा टेकवला. काच हाताला गार लागते, ही गार नव्हती. ही काच नव्हतीच. दुसरंच काहीतरी होतं, वितीहून जाड, वाकवलेलं, आणि तरी असं नितळ की डोळ्यांना पत्ता लागू नये. एवढा समुद्र अंगावर घेऊन ते गुमान उभं होतं. आपल्या उस्तादाला हे दाखवायला हवं होतं, असं त्यांना तीव्रतेने वाटलं. पण या वेळी त्यांचं भान गेलं नाही. चार दिवसांपूर्वी ते एकदा गेलं होतं, तेवढं पुरे होतं.

त्यांनी खिशातून खडू काढला, जिभेला टेकवला आणि भिंगरीच्या उंचीला, ओल्या खडूने, ठसठशीत फुली मारली. पाण्याच्या निळ्या पसाऱ्यावर ती पांढरी फुली अधांतरी उभी राहिली.

पहारेकरी धावत आलाच. तो वैतागून बोलत होता, जावई हात जोडून बोलत होता, लेक पर्समध्ये रुमाल शोधत होती. फुलीवाले फुलीपाशी गुडघ्यांवर बसून राहिले. त्यांनी नातीला बोलावलं नाही. एकदा जा म्हणून चुकलेल्या माणसाने ये म्हणायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

तेवढ्यात पलीकडून, पाण्यातून, एक पाणबुड्या आला. काळा पोशाख, पाठीवर नळकांडं, तोंडातून बुडबुडे, आणि हातात फडकं. बोगद्याची पाण्याकडची बाजू पुसणं हे त्याचं काम. पुसत पुसत तो फुलीपाशी आला आणि थबकला. इथे डाग कसा राहिला? त्याने फडकं फिरवलं. डाग जाईना. जोर लावून घासलं. जाईना. चेहरा जवळ आणून पाहिलं, बोटाने खरवडलं, पुन्हा घासलं. बिचाऱ्याला वाटत होतं डाग आपल्या बाजूचा आहे. पहारेकरी बोलता बोलता थांबला आणि त्याला हसू फुटलं. मागच्या रांगेतही हसू पसरलं.

भिंगरी बघत होती. एक मोठा माणूस पाण्यात तरंगत, इतका घासतोय आणि फुली हलत नाही. तो फुलीच्या पलीकडे आहे आणि अलीकडे येऊ शकत नाही. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. हात पुढेच होते. आजोबांच्या शेजारून ती गेली आणि तिचे दोन्ही तळवे फुलीच्या खाली, त्या न दिसणाऱ्या गोष्टीला टेकले.

पाणबुड्याला ते दोन इवलेसे तळवे दिसले. त्याने फडकं सोडलं आणि आपले दोन मोठे पंजे पलीकडून त्यांच्यावर ठेवले. त्याच्या खांद्यावरून तो चादरीएवढा मासा संथ वळून गेला.

‘आहे,’ भिंगरी म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तो प्रश्न नव्हता. मग तिने आजोबांकडे मान वळवली. ‘काच आहे?’

फुलीवाल्यांनी तिच्या तळव्यांशेजारी, त्या गार नसलेल्या गोष्टीला, आपला तळवा टेकवला. मग म्हणाले, ‘काच आहे.’

काचेच्या बाबतीत ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते हे. उस्तादाने त्यांना माफ केलं असतं, असं त्यांना अजूनही वाटतं.

भिंगरीने फ्रॉकचं टोक धरलं आणि फुली पुसायला घेतली. पलीकडून पाणबुड्यानेही फडकं उचललं. ती इकडून घासते, तो तिकडून घासतो. फुली विरत विरत गेली. ती गेल्यावर पाणबुड्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि त्याच्या तोंडून बुडबुड्यांचा एक मोठा लोट वर गेला. तो हसत असणार. भिंगरीही हसली, आणि हसताना तिचा फाटलेला ओठ दुखला म्हणून तिने तो हाताने धरला, तरी हसत राहिली.

पहारेकऱ्याने जावयाला बोटाने दम दिला आणि खडू तेवढा मागितला. फुलीवाल्यांनी तो मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवला. चाळीस वर्षांत त्यांचा खिसा पहिल्यांदा रिकामा झाला.

पुढे बोगदा लांबवर गेला होता, वळत, निळा, वर मासेच मासे. भिंगरी त्याच्याकडे बघत होती. तिचे हात हळूहळू खाली आले. तिने दोन्ही पाय जुळवले.

‘आजोबा, जाऊ?’

आजीने डोळे पुसले. जा म्हणायला फुलीवाल्यांचा जीव आतुर झाला होता, पण ते म्हणाले नाहीत. ते उठले, गुडघे झटकले, आणि दोन्ही हात पुढे करून, तळवे उघडे ठेवून, बोगद्यातून चालू लागले. पाऊल पाऊल टाकत, परदेशातल्या परक्या लोकांमधून, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरासारखे. लोकांनी वाट दिली. वळणापर्यंत गेले, वळणाच्या पलीकडे गेले, शेवटच्या कमानीतून हात बाहेर काढून हवा चाचपून आले. मध्ये कुठेही काहीही नव्हतं. सगळी वाट चाचपून ते परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. भिंगरी तशीच पाय जुळवून उभी होती. तिने वाट पाहिली होती.

‘जा,’ ते म्हणाले.

ती सुटली. तिच्या बुटांचा आवाज बोगद्यात घुमत वळणापर्यंत गेला. तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत फुलीवाले थांबले, आणि मग त्यांनी पहिल्यांदा मान वर करून मासे पाहिले.